संगीतसूर्य केशवराव भोसले : राजाचे थिएटर, नटाचे नाव

तळेरे (प्रतिनिधी) – मुंबई-गोवा महामार्गावर तळेरे येथे पूर्वेला वळणारा रस्ता वैभववाडीवरून करूळ घाट चढतो आणि गगनबावड्यामार्गे कोल्हापुरात उतरतो. उत्तर सिंधुदुर्गातील माणूस दवाखान्यासाठी, बाजारासाठी, मुलांच्या शिक्षणासाठी आणि अंबाबाईच्या दर्शनासाठी पिढ्यान्पिढ्या हीच वाट चालत आला. नाटकाच्या ओढीने घाट चढणारेही कमी नव्हते. कोल्हापुरात नाटक म्हटले की ते बहुधा केशवराव भोसले नाट्यगृहातच. हे नाव इतके सवयीचे झाले, की केशवराव भोसले हा हाडामांसाचा माणूस होता, ३१व्या वर्षी गेला, आणि त्याच्या हयातीत या वास्तूवर त्याचे नाव नव्हते, याची आठवण फारशी कोणाला राहिली नाही. तेव्हा ही वास्तू पॅलेस थिएटर म्हणून ओळखली जात होती आणि तिचा धनी कोल्हापूरचा छत्रपती होता.

एका राजाने बांधलेल्या नाट्यगृहाला पुढे एका नटाचे नाव मिळावे, ही मराठी मुलखातील साधी घटना नव्हे. त्यामागे त्या नटाचे आयुष्य आहे, तसाच त्या वास्तूच्या बदलत गेलेल्या वापराचा इतिहासही आहे. दोन्ही एकमेकांपासून वेगळे काढता येत नाहीत.

केशवरावांचा जन्म ९ ऑगस्ट १८९० रोजी कोल्हापुरात झाला. घरची परिस्थिती हलाखीची. ज्या वयात मुलाच्या हाती पाटी द्यायची, त्याही आधी, वयाच्या चौथ्या-पाचव्या वर्षी हा मुलगा स्वदेशहितचिंतक नाटक मंडळीत दाखल झाला. त्या काळी नाटक कंपनी हे गरीब घरच्या गळ्यावाल्या पोराला दोन वेळच्या जेवणाचे ठिकाण होते. अंगावर कपडा, पोटाला अन्न आणि जोडीला तालीम. त्याच्या बदल्यात पोर कंपनीचे होऊन जाई. आज हा व्यवहार कठोर वाटतो, आणि तो कठोर होताच. परंतु मराठी संगीत रंगभूमीचे कितीतरी मोठे गवई-नट याच दाराने आत आले, हेही तितकेच खरे आहे.

कंपनीच्या जनुभाऊ निमकरांच्या करड्या नजरेखाली हा मुलगा वाढला. गोविंद बल्लाळ देवलांचे 'संगीत शारदा' १८९९ मध्ये रंगभूमीवर आले होते आणि त्याने महाराष्ट्र ढवळून काढला होता. पैशाच्या लोभाने बाप आपल्या कोवळ्या मुलीचे लग्न मरणपंथाला लागलेल्या म्हाताऱ्याशी ठरवतो, हा त्याचा विषय. स्वदेशहितचिंतकांच्या प्रयोगात केशव आधी शारदेच्या मैत्रिणीची, वल्लरीची, लहानशी भूमिका करीत असे. शारदेची भूमिका करणारे कृष्णराव गोरे कंपनीतून बाहेर पडले आणि मंडळीपुढे पेच उभा राहिला. त्या पेचातून बारा वर्षांच्या आसपासच्या केशवला शारदा म्हणून उभे करण्यात आले. पुढे ही भूमिका आणि हे नाव जणू एकच झाले. गरिबीपोटी घराबाहेर पडलेला मुलगा रंगमंचावर घरानेच विकायला काढलेल्या मुलीचे दुःख गात होता. त्याच्या शारदेत प्रेक्षकांना जे खरेपण जाणवले, त्याला गळ्याच्या तयारीखेरीज हेही एक कारण असावे, असे मानायला जागा आहे.

गळा मात्र विलक्षण होता. उंच पट्टीत सहज जाणारा, धारदार आणि पल्लेदार. ध्वनिक्षेपक नसलेल्या त्या काळात नटाचा आवाज तंबूच्या अगर नाटकगृहाच्या शेवटच्या रांगेतल्या, जमिनीवर मांडी घालून बसलेल्या माणसापर्यंत पोहोचला, तरच तो नट. कंपनीचे बिऱ्हाड वर्षभर फिरते असे. कधी तात्पुरता उभारलेला मांडव, कधी कनातींचे थिएटर, कधी पत्र्याचे छप्पर. पावसाळ्यात पत्र्यावर सरी कोसळू लागल्या की पाठीमागच्यांना ऐकू जाणे दुरापास्त. अशा जागांमध्ये गाऊन-गाऊन केशवरावांचा आवाज कमावला गेला. नाट्यगृहाची रचना आणि गाणाऱ्याचा गळा यांचे नाते किती जवळचे असते, हे त्या पिढीला कोणी शिकवावे लागले नाही.

हुबळीतील आरंभ

१९०८ साली, नव्या वर्षाच्या पहिल्याच दिवशी, हुबळी येथे केशवरावांनी 'ललितकलादर्श' नाटक मंडळी स्थापन केली. तेव्हा त्यांचे वय १८ वर्षेही पूर्ण नव्हते. ज्या वयात इतर नट बिदागी वाढवून मागत, त्या वयात हा तरुण मालक झाला. स्थळ हुबळी, याचे आज नवल वाटेल; पण त्या काळी मराठी नाटक मंडळ्यांचा संचार बेळगाव, धारवाड, हुबळी, गदग असा सर्रास चाले. मराठी संगीत नाटकाला कानडी मुलखात मोठा चाहता वर्ग होता आणि कानडी रंगभूमीवरही त्याचा ठसा उमटला.

नाटक मंडळी चालवणे म्हणजे एक छोटे संस्थान चालवणे. नट, साथीदार, पडदे ओढणारे, कपडेवाले, आचारी असा मोठा लवाजमा. त्यांचा रोजचा स्वयंपाक, आजारपण, रागलोभ, सावकाराचे देणे. प्रयोग रंगला नाही तर दुसऱ्या दिवशीच्या चुलीची चिंता. केशवरावांनी हा संसार १३ वर्षे ओढला, आणि तो ओढताना स्वतः रात्र-रात्र गायले.

शिकण्याची त्यांची हौस या काळातही टिकून राहिली, ही लक्षणीय बाब. सावंतवाडी संस्थानात जन्मलेले, ग्वाल्हेर गायकीचे कडक गवई रामकृष्णबुवा वझे यांची तालीम त्यांना लाभली. ललितकलादर्शच्या नाटकांतील अनेक पदांच्या चालीही वझेबुवांच्या. दक्षिण कोकणच्या मातीतला हा करारी गवई आणि कोल्हापूरचा हा नट यांच्या भेटीतून नाट्यपदांना रागदारीचे नवे बळ मिळाले. दीनानाथ मंगेशकरांवरही वझेबुवांच्या गायकीचे संस्कार झाले, हे येथे आठवावे.

सिंधुदुर्गशी दुसरा धागा मामा वरेरकरांचा. भार्गवराम विठ्ठल वरेरकर हे टपाल खात्यात नोकरी करता करता नाटके लिहिणारे गृहस्थ. मालवणच्या मातीशी त्यांचे नाते एवढे घट्ट, की तेथील नाट्यगृहाला आज त्यांचेच नाव आहे. १९१६ मध्ये ललितकलादर्शने त्यांचे 'हाच मुलाचा बाप' रंगमंचावर आणले. विषय हुंड्याचा. त्यानंतर १९१९ मध्ये 'संन्याशाचा संसार' आले. त्यात धर्मांतर आणि शुद्धीचा प्रश्न होता. पौराणिक कथा आणि राजवाड्यातील कारस्थाने यांत रमलेल्या संगीत रंगभूमीवर चालू काळातील घर, चालू काळातील भांडणे आणि चालू काळातील माणसे आणण्याचे धाडस केशवरावांनी दाखवले. वीर वामनराव जोशी यांच्या 'राक्षसी महत्त्वाकांक्षा'मधील त्यांची मृणालिनी गाजली होतीच. स्त्रीभूमिकांत लोकप्रियता शिगेला पोहोचलेली असताना ते पुरुषभूमिकांकडे वळले, तेही सोपे नव्हते. प्रेक्षकाला आवडलेले रूप मोडून नवे घडवणे हे नटाच्या धंद्यात दिवाळखोरीचे आमंत्रण ठरू शकते.

रंगमंचाच्या नेपथ्यातही ललितकलादर्शचा दबदबा होता. कोल्हापूरचे आनंदराव आणि बाबूराव पेंटर या बंधूंनी मंडळीसाठी पडदे रंगवले. हेच बाबूराव पेंटर पुढे महाराष्ट्र फिल्म कंपनीचे संस्थापक झाले आणि १९२० मध्ये त्यांनी 'सैरंध्री' हा मूकपट काढला. नाटकाचा पडदा रंगवणाऱ्या हातांनीच सिनेमाचा पडदा उभा केला. त्याचा परिणाम नाट्यगृहांना पुढे भोगावा लागणार होता, पण त्या वेळी हे कोणाच्या ध्यानीमनी नव्हते.

राजर्षींचे दोन मंडप

कोल्हापूरचे राजर्षी शाहू छत्रपती १९०२ मध्ये सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी विलायतेला गेले. युरोपातील नाट्यगृहे आणि रोमचे प्राचीन वर्तुळाकार मैदान त्यांनी पाहिले. परत आल्यावर त्यांनी कोल्हापुरात शेजारी-शेजारी दोन वास्तू उभ्या केल्या. एक कुस्तीसाठी, खासबाग मैदान. ते १९१२ मध्ये पूर्ण झाले. दुसरी नाटकासाठी, पॅलेस थिएटर. तिचे बांधकाम १९१३ ते १९१५ या काळात झाले. मैदानाच्या उतरत्या कडांवर हजारो माणसे बसतात आणि कोणत्याही कोपऱ्यातून आखाडा दिसतो. थिएटरात प्रेक्षक आणि रंगमंच यांच्यामध्ये नजर अडवणारे खांब येणार नाहीत, ही काळजी घेतली गेली. मल्ल आणि गवई, दोघेही राजाश्रयाचे मानकरी. दोघांनाही पिढ्यान्पिढ्या पुरेल असे पक्के घर मिळाले.

तोवर मराठी नाटक बहुतांशी तात्पुरत्या छपराखाली जगत होते. दशावतारी मंडळींना देवळाचे अंगण पुरते. कोकणात जत्रेच्या रात्री पेटारा उघडला की रंगभूमी तयार. संगीत नाटकाचे तसे नव्हते. त्याला पडद्यांची उंची हवी, विंगा हव्यात, ऑर्गन आणि तबल्याला जागा हवी, आणि मुख्य म्हणजे गळ्याला साथ देणाऱ्या भिंती हव्यात. पॅलेस थिएटरने हे सारे दिले. ललितकलादर्शसह त्या काळातील नामवंत मंडळ्या येथे खेळल्या.

महाराजांचा केशवरावांवर लोभ होता. मराठा समाजातील एक गरीब मुलगा स्वतःच्या बळावर मंडळीचा मालक होतो आणि बालगंधर्वांच्या तोडीचा गायक-नट म्हणून मान मिळवतो, याचे मोल शाहूंसारख्या राजाला वेगळे सांगावे लागणार नव्हते. परंतु या लोभापलीकडेही एक गोष्ट घडली. १९२१ मध्ये महाराजांच्या इच्छेने केशवरावांनी 'मृच्छकटिक'चा प्रयोग थिएटरात न करता शेजारच्या खासबाग मैदानात, उघड्या आकाशाखाली केला. प्रेक्षक हजारोंच्या संख्येने. ध्वनिक्षेपक नाही. तिकीट काढून खुर्चीत बसणे ज्यांना परवडत नव्हते, त्या रयतेने संगीत नाटक कुस्तीच्या फडासारखे पाहिले. राजवाड्याच्या नावाच्या थिएटरातून नाटक भिंतीपलीकडे गेले, ते या प्रयोगाने. नाट्यगृह कोणासाठी, हा प्रश्न तेव्हाच या परिसरात विचारला गेला, आणि त्याचे उत्तर केशवरावांच्या गळ्याने दिले.

त्याच वर्षी, ८ जुलै १९२१ रोजी, मुंबईच्या बालीवाला थिएटरात 'संयुक्त मानापमान' झाले. लोकमान्य टिळक आदल्या वर्षी निवर्तले होते आणि त्यांच्या नावाच्या स्वराज्य फंडासाठी देशभर निधी जमा होत होता. गंधर्व नाटक मंडळी आणि ललितकलादर्श या दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांनी एकत्र येऊन कृ. प्र. खाडिलकरांचे 'मानापमान' केले. बालगंधर्व भामिनी, केशवराव धैर्यधर. दोघांचेही चाहते कडवे. एकाच्या पदाला वन्समोअर मिळाला की दुसऱ्याच्या पक्षाने कान टवकारावेत, असा तो काळ. चढे दर असूनही तिकिटे हातोहात गेली. या रात्रीचे वर्णन करताना मराठी रंगभूमीचे इतिहासकार आजही हात आखडता घेत नाहीत. कोण सरस ठरला, यावर पुढे कितीतरी वर्षे वाद झडले. तो वाद निकाली निघाला नाही हेच बरे झाले. लगेच 'सौभद्र'चाही संयुक्त प्रयोग झाला.

केशवरावांच्या वाट्याला त्यानंतर तीनच महिने उरले होते. य. ना. टिपणीस यांचे 'शहा शिवाजी' त्याच सुमारास मंडळीने काढले. दौरा चालू असतानाच विषमज्वराने त्यांना गाठले. ४ ऑक्टोबर १९२१ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. त्या काळी या तापावर खात्रीचे औषध नव्हते. मंडळीची धुरा त्यांनी बापूराव पेंढारकरांच्या हाती सोपवली. सात महिन्यांनी, ६ मे १९२२ रोजी, शाहू महाराजही गेले. थिएटर बांधणारा आणि ते गाजवणारा, दोघेही एका वर्षाच्या आत काळाच्या पडद्याआड झाले. वास्तूचे वय तेव्हा जेमतेम सात वर्षांचे होते.

बोलपट आला

बापूराव पेंढारकरांनी मंडळी नुसती जगवली नाही, तर पुढे नेली. १९२२ मध्ये वरेरकरांचे 'सत्तेचे गुलाम' त्यांनी रंगमंचावर आणले. मात्र साऱ्याच कंपन्यांचे दिवस आता मोजके राहिले होते. १९२९ मध्ये कोल्हापुरातच प्रभात फिल्म कंपनीची स्थापना झाली आणि १९३२ मध्ये याच शहरात 'अयोध्येचा राजा' हा मराठी बोलपट तयार झाला. त्यातील नायक गोविंदराव टेंबे. म्हणजे 'मानापमान'च्या पदांना चाली देणारे तेच. गाणे ऐकायला आता कंपनीच्या मुक्कामाची वाट पाहावी लागत नव्हती. चार आण्यांत पडद्यावरचा नट गात होता आणि तो कधी आजारी पडत नव्हता. दोन-तीन वर्षांत नाटक मंडळ्यांचे तंबू उठले. दीनानाथांची बलवंत संगीत मंडळी, बालगंधर्वांची गंधर्व मंडळी, कोणीही या लाटेतून सुटले नाही. १९३७ मध्ये बापूराव गेले आणि ललितकलादर्शही थांबली. १९४२ मध्ये त्यांचे पुत्र भालचंद्र पेंढारकरांनी ती पुन्हा उभी केली, म्हणून केशवरावांनी लावलेला हा दिवा पूर्ण विझला नाही.

नाटक मंडळ्या गेल्या की नाट्यगृहांचे काय होते, याचे उत्तर मुंबईत दिसते. पिला हाऊस परिसरातील जुनी नाटकगृहे एकामागून एक टॉकीज बनली. चर्नी रोडनजीकच्या रॉयल ऑपेरा हाऊसची कथा तर सर्वज्ञात आहे. १९११ मध्ये बादशहा पाचव्या जॉर्जच्या हस्ते उद्घाटन झालेली ही वास्तू तीसच्या दशकात सिनेमागृह झाली, १९९३ मध्ये तिचे दरवाजे बंद झाले आणि दुरुस्तीनंतर २०१६ मध्ये ती पुन्हा उघडली. मधली २३ वर्षे ती बंदच होती. नाट्यगृहाचा वापर बदलला तरी चालतो. वापरच संपला की भिंतींना वाळवी लागायला वेळ लागत नाही.

कोल्हापूरच्या वास्तूला वेगळे नशीब लाभले. १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. राजाचा खासगी मंडप आता लोकांच्या मालकीचा होणार होता. स्वातंत्र्यानंतर पॅलेस थिएटरला संगीतसूर्य केशवराव भोसले यांचे नाव देण्यात आले आणि कालांतराने कारभार महापालिकेकडे आला. नावातील हा बदल वरवरचा नव्हता. राजवाड्याच्या नावाने ओळखले जाणारे घर नटाच्या नावाने ओळखले जाऊ लागले, याचा अर्थ येथे यायला आता कोणाची परवानगी लागत नव्हती. तारीख मिळाली आणि भाडे भरले की पुरे. तारीख आणि भाडे, हे नव्या काळाचे दोन द्वारपाल होते हेही मान्य केले पाहिजे.

या रंगमंचाने त्यानंतर काय-काय पाहिले, याची जंत्री लांबेल. १९५४ मध्ये सुरू झालेल्या राज्य नाट्य स्पर्धेने हौशी कलावंतांना हक्काची जागा दिली, आणि कोल्हापूर केंद्रावरच्या स्पर्धांनी या नाट्यगृहाला दरवर्षी नवा प्रेक्षक मिळवून दिला. कारखान्यातील फिटर, शाळामास्तर, बँकेतील कारकून दिवसाची पाळी संपवून येथे नट होत. मुंबई-पुण्याहून व्यावसायिक नाटके येत. त्यांच्या मधल्या तारखांना शाळांची स्नेहसंमेलने, वाद्यवृंद, लावणीचे कार्यक्रम, व्याख्याने, सत्कार, पुढाऱ्यांचे मेळावे. ज्या रंगमंचावर केवळ गळ्याच्या जोरावर पदे गायली गेली, तेथे कर्णे आले, पुढे मोठाले ध्वनिक्षेपक आले. जुन्या रसिकांना हे खटकले. त्यांची कुरकूर समजण्यासारखी असली तरी ती अर्धीच खरी आहे. सत्कार आणि संमेलनांच्या भाड्यावरच अशा वास्तूंचे दिवे जळतात. केवळ संगीत नाटकाच्या आशेवर राहिले असते, तर हे नाट्यगृहही कधीच गोदाम झाले असते.

नुकसान झाले ते दुसरीकडे. रोजच्या रहदारीत वास्तूची देखभाल मागे पडत गेली. मोडक्या खुर्च्या, गळके छप्पर, कलावंतांच्या खोल्यांची आणि स्वच्छतागृहांची अवस्था यांवर वृत्तपत्रांचे रकाने भरले. नव्या शतकात मोठ्या खर्चाने नूतनीकरणही झाले. आसने बदलली, प्रकाशयोजना आणि ध्वनियंत्रणा नवी आली, दर्शनी दगडी भाग झळाळून निघाला. तरीही तक्रारी पूर्ण थांबल्या नाहीत. सार्वजनिक वास्तूंना उद्घाटनाच्या फिती पुष्कळ मिळतात, रोज किल्ल्या सांभाळणारा जाणता माणूस क्वचित मिळतो.

८ ऑगस्ट २०२४

केशवरावांच्या १३४व्या जयंतीच्या आदल्या रात्री, ८ ऑगस्ट २०२४ रोजी, नाट्यगृहाला आग लागली. लाकडाचा रंगमंच, पडदे, खुर्च्या, छत, जे जे पेट घेईल ते सारे पेटले. खासबाग मैदानाकडील बाजूलाही आगीची झळ पोहोचली. अग्निशमन दलाचे बंब येत राहिले आणि रस्त्यावर माणसांची गर्दी वाढत गेली. त्यांत ज्येष्ठ रंगकर्मी होते, तसेच स्पर्धेतल्या एखाद्या नाटकात एकदाच दोन वाक्ये बोललेले लोकही होते. सकाळी पाहिले तेव्हा दगडी दर्शनी भाग उभा होता आणि आत राखेचा ढीग होता. दुसऱ्या दिवशी जयंतीचे अभिवादन जळालेल्या वास्तूसमोर झाले.

राज्य सरकारने पुनर्बांधणीसाठी निधी जाहीर केला. पूर्वी होते तसेच नाट्यगृह उभे करावे, ही कलावंतांची एकमुखी मागणी होती आणि तसे आश्वासनही मिळाले. हळहळ व्यक्त करणाऱ्यांत कोकणातील रंगकर्मीही होते. कणकवलीच्या वसंतराव आचरेकर सांस्कृतिक प्रतिष्ठानसारख्या संस्थांमुळे सिंधुदुर्गात हौशी नाटकाची जी चळवळ उभी राहिली, तिच्यातल्या माणसांना घाटापलीकडचे हे नाट्यगृह परके नव्हते.

पूर्वी होते तसेच, हे शब्द उच्चारायला सोपे आहेत. १९१५ मधले, मुंबई-पुण्याच्या कंपन्या येत तेव्हाचे, की नूतनीकरणानंतरचे? दगडी कमानी हुबेहूब उभारता येतील. कारागीर आहेत, छायाचित्रे आहेत, मोजमापे आहेत. भिंती आणि छताच्या ज्या मेळातून शेवटच्या रांगेपर्यंत आवाज जात असे, तो मेळ नव्या छपराखाली, नव्या अग्निसुरक्षेच्या नियमांत आणि वातानुकूलन यंत्रांच्या घरघरीत पुन्हा जमवणे हे ध्वनिशास्त्राच्या जाणकारांचे काम आहे. ते ठेकेदारावर सोपवून भागणारे नाही. दुसरा मुद्दा भाड्याचा. नव्या, झगमगीत नाट्यगृहाची तारीख जर हौशी मंडळाला परवडेनाशी झाली, तर मंच सत्कारसमारंभांनाच उरेल. आग लागल्यापासून शहरातील नाट्यसंस्थांना तालमी आणि प्रयोगांसाठी इतर सभागृहांचा आधार शोधावा लागला. त्यांतली बरीचशी सभागृहे व्याख्यानांसाठी बांधलेली. तेथे विंगा अपुऱ्या, नेपथ्याला उंची नाही. दोन अंकी नाटकाचे घर उभे करायचे तर दार कुठे लावावे, इथपासून अडचण.

केशवरावांनी हुबळीत उभी केलेली ललितकलादर्श या सगळ्या उलथापालथीत कोणत्याही एका वास्तूवर विसंबून राहिली नव्हती. भालचंद्र पेंढारकरांनी 'दुरितांचे तिमिर जावो' आणि 'पंडितराज जगन्नाथ' ही नाटके गावोगावी नेली, जिथे रंगमंच मिळेल तिथे. २०१५ च्या ऑगस्टमध्ये अण्णा पेंढारकर गेले. त्यांनी जुन्या नाटकांचे आणि गाण्यांचे ध्वनिमुद्रण जपून ठेवण्यासाठी आयुष्यातील कितीतरी वर्षे खर्ची घातली. १९२१ सालच्या खासबाग मैदानातील त्या रात्रीचा आवाज मात्र कोणत्याही फितीवर नाही. ती रात्र लिहून ठेवलेल्या आठवणींत आहे, आणि ज्या मैदानात तो प्रयोग झाला, ते नाट्यगृहाच्या पाठीला पाठ लावून अजून जागेवर आहे.